लोकवर्गणीचे अर्थशास्त्र : जबलपूरची दोनशे वर्षे

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाचा नव्या गावातील सार्वजनिक जीवनाशी पहिला संबंध बहुधा पावतीपुस्तकातून येतो. गणेशोत्सवाची वर्गणी, मंडळाच्या सभागृहासाठी देणगी, वाचनालयाची आजीव सभासदी असे काही ना काही आपण देतो, पावती खिशात घालतो आणि विसरून जातो. परंतु प्रशासनात ज्याची हयात गेली आहे त्याला यापुढचा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही. एखाद्या प्रदेशात देणाऱ्यांचे जाळे निर्माण कसे होते, ते पिढ्यान्‌पिढ्या टिकते कशाच्या बळावर, आणि तुटते तेव्हा नेमके काय तुटते? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी जबलपूर हे उत्तम उदाहरण आहे.

जबलपूरचा आणि मराठ्यांचा संबंध जुना. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचा हा मुलूख सागरच्या मराठ्यांकडे आला, पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतला. मग 'सागर-नर्मदा प्रदेश' या नावाने त्याचा कारभार चालला. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण होऊन राजधानी नागपूरला गेली. १८७० मध्ये मुंबईकडून येणारी आणि कलकत्त्याकडून येणारी रेल्वे जबलपुरात एकमेकींना मिळाली, आणि हे गाव व्यापाराच्या हमरस्त्यावर आले.

या प्रदेशातील आधुनिक लोकनिधीची पहिली ठळक घटना मात्र याच्या बरीच आधीची आहे आणि ती सागरची आहे. १८२८ च्या सुमारास तोफखान्यातील कॅप्टन पॅटन या अधिकाऱ्याने स्वतःच्या पैशातून सागरला शाळा काढली. त्याला साथ दिली राव कृष्णराव या मराठी गृहस्थाने. पुढे सरकारने या कामाला हात दिला, १८३६ मध्ये तेथे सरकारी विद्यालय झाले आणि १८७३ मध्ये ते जबलपूरला हलविण्यात आले. पुढे रॉबर्टसन कॉलेज म्हणून नावारूपाला आलेल्या संस्थेचे मूळ हे आहे. सागरला स्वतःची शाळा पुन्हा मिळायला १८८५ साल उजाडावे लागले.

या हकिगतीतून दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे दोन माणसांच्या निष्ठेने संस्था सुरू होऊ शकते. दुसरी अशी, की गावाचा पैसा आणि गावाची समिती मागे नसेल तर संस्थेचे भवितव्य सरकारच्या सोयीवर अवलंबून राहते. सरकारने विद्यालय हलवायचे ठरविले, तेव्हा 'हे आमचे आहे' असे अधिकाराने म्हणू शकणारी कोणतीही सभा सागरात उभी नव्हती.

अशी सभा जबलपुरात उभी राहिली १८६८ मध्ये. हितकारिणी सभा हे तिचे नाव. त्याआधीची दोन सरकारी पावले येथे ध्यानात घ्यावी लागतील. १८५४ च्या वुडच्या खलित्याने अनुदानाची पद्धत आणली. स्थानिक लोकांनी शाळा चालवावी, व्यवस्थापन त्यांचे असावे, फी आणि वर्गणी त्यांनी जमवावी, म्हणजे सरकार त्यात भर घालील, असे तिचे स्वरूप होते. १८६० च्या २१ व्या कायद्याने संस्थांच्या नोंदणीची सोय केली. त्यामुळे व्यक्ती मेली तरी संस्था मरत नाही, तिच्या नावावर मालमत्ता राहू शकते आणि तिला न्यायालयात उभे राहता येते. १८७६ मध्ये मुसलमान समाजाची अंजुमन इस्लामिया स्थापन झाली. मिशनची शाळा होतीच. एकाच गावात वेगवेगळ्या समाजांच्या संस्था एकाच अनुदान-नियमाखाली चालू लागल्या आणि त्यांच्यात एक निकोप चढाओढ निर्माण झाली.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने अनुदानाची ही अट फार मोलाची होती. वर्गणीदाराचा एक रुपया सरकारी अनुदान ओढून आणतो असे दिसले, की देण्याला हुरूप येतो. अनुदानासाठी हिशेब दाखवावे लागतात, आणि हिशेब दिसले की पुढच्या वर्षीची वर्गणी मागणे सोपे जाते. दाता, संस्था आणि सरकार हे तिघे एकमेकांवर नजर ठेवून होते. जाळे टिकण्याचे पहिले कारण हे.

आता देणारे कोण होते ते पाहू. मध्य प्रांतात १८६० नंतरच्या जमाबंदीत मालगुजारांना गावांची मालकी मिळाली आणि त्यातून खात्रीचे उत्पन्न असणारा एक वर्ग तयार झाला. त्याच्या जोडीला सावकार व पेढीवाले होते, आणि नंतर वकील आले. जबलपुरात या सर्वांच्या अग्रभागी होते राजा गोकुळदास. जैसलमेरहून आलेल्या सेवाराम खुशालचंद या पेढीचे ते वारस. जबलपूरच्या टाऊन हॉलशी, म्हणजे आजच्या गांधी भवनाशी, त्यांच्या घराण्याचे नाव जोडलेले आहे. १८८३ मध्ये सुरू झालेल्या खंदारीच्या पाणीपुरवठा योजनेसाठी नगरपालिकेला त्यांनी कर्ज दिले. हे दान नव्हते, कर्ज होते, आणि म्हणूनच ते अधिक विचार करण्याजोगे आहे. नगरपालिकेला भांडवल हवे होते, पेढीकडे ते होते आणि फेड पुढच्या करांतून व्हायची होती. सावकारी, नागरी जबाबदारी आणि लौकिक यांच्या सीमारेषा त्या काळी अशा एकमेकींत मिसळलेल्या होत्या.

बाजाराचीही स्वतःची पद्धत होती. उत्तर आणि मध्य भारतातील व्यापारी विक्रीच्या रकमेवर 'धर्मादा' म्हणून थोडी रक्कम घेत, वहीत तिचे वेगळे खाते ठेवीत आणि तिच्यातून गोशाळा, धर्मशाळा, पाणपोई चालवीत. गिऱ्हाइकाला ती जाणवत नसे, पण बाजार चालू आहे तोवर ती आटतही नसे. हा पैसा व्यापाऱ्याचे उत्पन्न धरायचा की विश्वस्त म्हणून त्याच्या हाती आलेली रक्कम, हा वाद पुढे हाथरसच्या एका गिरणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यायालयाने निकाल दिला की धर्मादा हे व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे. वहीतील वेगळ्या खात्याला केवढे महत्त्व असते, ते या निकालावरून कळावे.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. पुष्कळशी वर्गणी साहेबांच्या शब्दाखातर दिली जाई. रावबहादूर, रायबहादूर या पदव्यांची आशा असे आणि कलेक्टरची नाराजी पत्करण्याची तयारी नसे. अशा वर्गणीला दान म्हणावे की अनधिकृत कर, हा प्रश्नच आहे. शिवाय शब्द टाकणाऱ्या अधिकाऱ्याची बदली झाली की असा निधी आटतो. हा अनुभव आजच्या अधिकाऱ्यांनाही अपरिचित नसावा.

जाळ्याची खरी कसोटी लागली ती १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत. मध्य प्रांत या दोन्ही दुष्काळांत होरपळला. पहिल्याची झळ जबलपूर विभागाला विशेष लागली. दोन्ही वेळा अखिल भारतीय धर्मादाय निधी उभारला गेला. लंडनच्या लॉर्ड मेयरने तिकडे वर्गणी जमविली, कलकत्त्याला मध्यवर्ती समिती होती, तिच्या खाली प्रांतिक आणि त्यांच्या खाली जिल्हा समित्या होत्या. निधीने काय करायचे हेही ठरवून दिलेले होते. सरकारी मदतीला पूरक वस्तू देणे, अनाथ मुलांची सोय लावणे, कामावर येऊ न शकणाऱ्या अब्रूदार गरिबांना घरपोच मदत करणे, आणि उद्ध्वस्त शेतकऱ्याला बी-बियाणे व बैल देऊन पुन्हा उभे करणे, अशी चार उद्दिष्टे होती. प्राण वाचविणे हे सरकारचे काम आणि त्यापलीकडचे निधीचे, अशी ही विभागणी होती.

वरून आलेला पैसा योग्य घरी पोहोचविण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात माहीतगार आणि विश्वासू माणसे लागतात. ती आयत्या वेळी निर्माण करता येत नाहीत. शाळेच्या सभेत, नगरपालिकेत, दवाखान्याच्या समितीत वर्षानुवर्षे एकत्र बसून हिशेब पाहिलेली माणसेच अशा वेळी उपयोगी पडतात. शांततेच्या काळातील कंटाळवाण्या बैठका ही संकटकाळाची पूर्वतयारी असते, असे मला वाटते.

याच काळात आणखी एक मार्ग पुढे आला, तो कायम निधीचा. १८९० च्या धर्मादाय निधी कायद्याने अशा रकमा सरकारनियुक्त खजिनदाराच्या नावे ठेवण्याची सोय केली. १९०० मध्ये जयपूरचे महाराज माधोसिंह यांनी १५ लाख रुपयांचे सरकारी रोखे देऊन दुष्काळासाठी कायम न्यास स्थापन केला. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला जी देणगी जाहीर केली, तीही १५ लाखांचीच. साडेतीन टक्क्यांनी १५ लाखांचे वार्षिक व्याज ५२,५०० रुपये होते. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती.

परंतु व्याज ठरलेले आणि भाव मात्र वाढते, हा या मार्गातील धोका. पहिल्या महायुद्धानंतर व्याजदर चढले तेव्हा साडेतीन टक्क्यांच्या कागदाची बाजारातील किंमत दर्शनी किमतीच्या बरीच खाली गेली. दुसऱ्या महायुद्धात भाव दुपटीहून अधिक वाढले. १,००० रुपये ठेवून वार्षिक ३५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू करणाऱ्या दात्याचे नाव फलकावर तसेच राहिले, पण त्या ३५ रुपयांत विद्यार्थ्याची अर्धी गरजही भागेनाशी झाली. मुद्दल सुरक्षित राहिले आणि दान मात्र झिजून गेले. यात कोणी अफरातफर केली नव्हती. नियम पाळूनच हे घडले.

आपल्याकडे महाराष्ट्रात याच सुमारास दुसरे प्रयोग झाले. मुरुड गावच्या बाहेर गेलेल्या मंडळींनी आपल्या उत्पन्नाचा लहानसा ठरावीक भाग गावाच्या कामासाठी द्यावा, म्हणून धोंडो केशव कर्वे आणि त्यांच्या सोबत्यांनी मुरुड फंड काढला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या वसतिगृहांसाठी घराघरांतून मूठभर धान्य बाजूला ठेवले जाई. या निधींवर भाववाढीचा घाला तितकासा बसत नाही. उत्पन्न वाढले की त्याचा हिस्सा आपोआप वाढतो आणि ज्वारी महागली तरी मूठ मूठच राहते. यांना खरा धोका असतो तो कार्यकर्त्यांच्या थकव्याचा. दारोदार जाणारा माणूस थांबला की निधी थांबतो.

पुन्हा जबलपूरकडे येऊ. १९५१ हे साल या कथेत निर्णायक आहे. त्या वर्षी ३१ मार्चला मालगुजारी नष्ट झाली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती आवश्यकच होती, परंतु देणाऱ्यांच्या एका मोठ्या वर्गाचे उत्पन्न तिने संपविले. त्याच वर्षी मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास कायदा झाला. कलेक्टर हा न्यासांचा निबंधक ठरला, नोंदणी सक्तीची झाली आणि स्थावर मालमत्ता विकण्यास त्याची पूर्वपरवानगी लागू लागली. झऱ्याचे पाणी कमी झाले त्याच वर्षी पाणी मोजायला माणूस नेमला गेला, असे म्हणता येईल. राजधानी तेव्हा नागपूर असल्याने विदर्भही याच कायद्याखाली होता. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पुढे तेथे धर्मादाय आयुक्तांची पद्धत आली. मध्य प्रदेशात मात्र हे काम महसूल खात्याकडेच राहिले. कायदा-सुव्यवस्था, निवडणुका, जमिनीचे तंटे यांच्या गर्दीत न्यासांच्या वार्षिक हिशेबांना किती वेळ मिळत असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

राजा गोकुळदासांचे नातू सेठ गोविंददास स्वातंत्र्यलढ्यात उतरले. त्यांनी वडिलोपार्जित इस्टेटीवरील हक्क सोडला आणि १९७४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते जबलपूरचे खासदार होते. जुने व्हिक्टोरिया रुग्णालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते, पण ते चालते सरकारी पैशावर. एका घराण्याचा दानधर्म तीन पिढ्यांत कसा रूप पालटतो त्याचे हे उदाहरण आहे. याउलट १८६८ ची हितकारिणी सभा आजही महाविद्यालये चालविते. मालगुजार गेले, पदव्या गेल्या, राज्यकर्ते बदलले, पण सभा राहिली, कारण तिचे उत्पन्न कोणा एका घराण्यावर किंवा एका ठेवीवर अवलंबून नव्हते.

यातून परप्रांतातील आपल्या मंडळांनी काय घ्यावे? आपल्या अनेक मंडळांची स्थिती अशी आहे की इमारत जुन्या पिढीने बांधली, बँकेत मुदत ठेव आहे, तिच्या व्याजावर कार्यक्रम होतात, आणि पंधरा-वीस वर्षांत नवा वर्गणीदार जवळपास आलेला नाही. कागदावर अशी संस्था सुस्थितीत दिसते. वस्तुतः ती साडेतीन टक्क्यांच्या कागदाच्याच वाटेने चाललेली असते.

माझ्या मते तीन गोष्टी कटाक्षाने कराव्यात. पहिली, व्याजाचा काही भाग दरवर्षी मुद्दलात घालावा. आयकर कायद्याने न्यासांना उत्पन्नाचा १५ टक्क्यांपर्यंतचा भाग बाजूला ठेवण्याची मुभा दिलेली आहे. दुसरी, ठेव कितीही मोठी असली तरी घरोघरची लहान वर्गणी बंद करू नये. रक्कम क्षुल्लक असेल, पण वर्षातून एकदा दारात जाणे आणि विचारपूस करणे यानेच पुढची पिढी संस्थेशी जोडली जाते. तिसरी, हिशेब छापून प्रत्येक वर्गणीदाराच्या हाती द्यावा, मग त्याने शंभर रुपये दिलेले असोत की एक लाख. निबंधकाला किंवा आयुक्तांना हिशेब सादर करणे हे कायद्याचे पालन झाले. वर्गणीदाराला तो देणे हे पुढच्या वर्षीच्या वर्गणीचे बियाणे आहे.