हायवेवर बाईक का थरथरते? एनएच ४४ वरच्या दुचाकीस्वारांसाठी कारणं, तपासणी आणि उपाय

आदिलाबाद : पाटणबोरी मागे टाकून पैनगंगेचा पूल ओलांडला की राष्ट्रीय महामार्ग ४४ तेलंगणात शिरतो. पुढे आदिलाबाद, गुडीहत्नूर, नेरडिगोंडा, निर्मल करत तो हैदराबादकडे जातो. पूर्वी याच रस्त्याला एनएच ७ म्हणायचे, आणि जुनी माणसं अजूनही तेच म्हणतात. चौपदरी सलग रस्ता, दुचाकीला टोल नाही. त्यामुळे पांढरकवडा, बेला, जैनद, बोथ, किनवट भागातली पुष्कळ मंडळी कामासाठी, दवाखान्यासाठी, नात्यागोत्यात जायला १०० किंवा १२५ सीसीच्या गाडीवरच निघतात.

गावातल्या रस्त्यावर गुमान चालणारी हीच गाडी हायवेवर ६५-७०च्या पुढे गेली की थरथरायला लागते. हँडलमध्ये झिणझिण्या येतात, आरसा धूसर दिसतो, पायाचे तळवे बधिर होतात. "जुनी झाली गाडी, चालायचंच" म्हणून बहुतेक जण सोडून देतात. पण ८०च्या वेगात गाडी दर सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. बोटं बधिर असतील आणि ब्रेक अर्धा सेकंद उशिरा दाबला गेला, तर ११ मीटर गेलेच. शिवाय काही थरथर इंजिनाचा स्वभाव असतो, तर काही थरथर म्हणजे काहीतरी सैल झाल्याची किंवा तुटत असल्याची सूचना असते. हा फरक ओळखता येणं महत्त्वाचं.

थरथर येते कुठून?

आपल्याकडच्या बहुतेक गाड्या सिंगल सिलिंडरच्या आहेत. त्यात एकच पिस्टन वर-खाली होतो. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर पिस्टन सेकंदाला १०० वेळा वर आणि १०० वेळा खाली जातो. प्रत्येक टोकाला तो क्षणभर थांबून उलट फिरतो. १०० सीसीच्या गाडीत पिस्टनची धाव साधारण ५० मिलिमीटर असते. एवढ्या वेगात टोकाजवळ पिस्टनवर येणारा झटका त्याच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे हजारपट असतो. तो झटका क्रँकमधून इंजिनाला, इंजिनातून चासीला आणि चासीतून हात, पाय आणि बुडाला लागतो.

हा झटका फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे ४००० वरून ६००० झाले म्हणजे दीडपट झाले, पण झटका सव्वादोन पट झाला. म्हणून ५० ला सुखात चालणारी गाडी ७५ ला एकदम नकोशी वाटते.

कंपन्या क्रँकवर पिस्टनच्या विरुद्ध बाजूला वजन ठेवतात. पण ते वजन गोल फिरतं आणि पिस्टन सरळ रेषेत चालतो. त्यामुळे वर-खालचा झटका पूर्ण मारायला गेलं की तोच पुढे-मागे तयार होतो. म्हणून साधारण अर्धाच झटका मारला जातो, बाकीचा राहतोच. उरलेला मारायला 'बॅलन्सर शाफ्ट' लागतो, म्हणजे क्रँकच्या उलट दिशेने फिरणारा वजनाचा दांडा.

याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे रॉयल एनफिल्ड. जुन्या क्लासिक ३५० चं ३४६ सीसीचं इंजिन बॅलन्सरशिवाय होतं आणि पिस्टनची धाव तब्बल ९० मिलिमीटर. २०२० मध्ये मिटिऑरसोबत आलेल्या आणि २०२१ मध्ये क्लासिकला मिळालेल्या ३४९ सीसीच्या नव्या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट आला, धावही थोडी कमी झाली. दोन्ही गाड्या चालवलेल्या माणसाला फरक सांगावा लागत नाही. ब्रिटनच्या नॉर्टन कंपनीने १९६७ मध्ये कमांडो गाडीत वेगळी वाट काढली होती. इंजिन थरथरू द्यायचं, पण ते रबरावर बसवून चासीला वेगळं ठेवायचं. आजही अनेक गाड्यांत इंजिन, हँडल आणि फूटरेस्टला रबर देतात, ते याच विचाराने.

आधी ओळखा : झिणझिण की थडथड?

मिस्त्रीकडे जाण्याआधी ही तपासणी स्वतः करता येते.

इंजिनाची थरथर बारीक असते, सेकंदाला शंभराच्या आसपास. ती मुंग्या आल्यासारखी लागते. चाकाची थरथर जाड असते. १८ इंची चाक ७० च्या वेगात सेकंदाला फक्त दहा-अकरा वेळा फिरतं, त्यामुळे चाकाचा दोष थडथड किंवा डुलल्यासारखा जाणवतो.

दुसरी खूण गिअरची. मोकळ्या सरळ रस्त्यावर ४५-५० चा वेग धरून एकदा तिसऱ्या आणि एकदा टॉप गिअरमध्ये गाडी चालवावी. गिअर बदलल्यावर थरथर बदलली, तर दोष इंजिनाच्या बाजूला. वेग तोच आणि थरथरही तीच राहिली, तर चाक, टायर किंवा चेन बघावी.

तिसरी खूण जागेची. फक्त हँडलला येत असेल तर पुढचं चाक, कोनसेट किंवा हँडलची पकड. सीट आणि फूटरेस्टला येत असेल तर मागचं चाक, चेन, चिमट्याचे बुश किंवा इंजिनाचे बोल्ट.

चाक आणि टायर : सगळ्यात स्वस्त उपाय

हवेपासून सुरुवात करावी. टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघण्याआधी हवा मोजायची. आकडा चेन कव्हरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. एकट्यासाठी वेगळा, डबल सीटसाठी वेगळा. उन्हाळ्यात आदिलाबादचा पारा ४५ च्या आसपास जातो. तेव्हा पन्नास किलोमीटर चालवून आल्यावर मोजलेली हवा जास्तच दिसणार. ती पाहून हवा काढली, तर थंड झाल्यावर टायर कमी हवेवर राहतो.

मग टायर हाताने चाचपावा. मध्ये सपाट झालेला, फुगवटा आलेला किंवा एका जागी जास्त घासलेला टायर कितीही बॅलन्स केला तरी थडथडणारच. स्पोकच्या चाकात रिमला 'आउट' आला की नाही ते चाक उचलून फिरवलं की दिसतं. स्पोक एकेक वाजवून बघावेत. सैल स्पोकचा आवाज बसका येतो.

नवीन टायर टाकल्यावर किंवा पंक्चरचे ठिगळ वाढल्यावर चाक बॅलन्स करून घ्यावं. रिमवर एका बाजूला २० ग्रॅम जास्त असतील, तर ८०च्या वेगात ते अडीच-तीन किलोच्या ओढीसारखे काम करतात, आणि तेही सेकंदाला बारा वेळा.

चेन, स्प्रॉकेट आणि ड्रम रबर

कोरडी किंवा वाकडी ओढलेली चेन हे आपल्या भागातलं नेहमीचं कारण. कापसाच्या हंगामात शेतरस्त्यावरची धूळ चेनवर बसते आणि तेल शोषून घेते. साधारण दर ५०० किलोमीटरला चेन पुसून वंगण द्यावं. चिखलातून गेल्यावर त्याआधीच. ढील बहुतेक गाड्यांत २० ते ३० मिलिमीटर असते, पण आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच खरा. चाक फिरवत चार जागी ढील मोजावी. एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल लागली, तर चेनसेट संपला. दात हुकासारखे वाकले असतील तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावेत, नुसती चेन बदलून पैसे वाया जातात.

चेन ओढताना मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या हव्यात. एक बाजू पुढे-मागे राहिली की चाक तिरकं चालतं. मागच्या ड्रममधले रबर झिजले असतील, तर ॲक्सिलेटर सोडताना-धरताना 'टक' असा झटका बसतो. हे रबर स्वस्त असतात, पण बदलायचे मात्र राहून जातात.

इंजिनाचे बोल्ट आणि ट्यूनिंग

ज्या बोल्टांनी इंजिन चासीला धरलेलं असतं, त्यांना मिस्त्री 'फाउंडेशन बोल्ट' म्हणतात. यातला एक सैल झाला तरी पूर्ण गाडी वाजते. ते टॉर्क पान्याने ठरलेल्या ताकदीवरच आवळायचे. जास्त आवळलं म्हणजे जास्त चांगलं असं नाही. आटे जातात किंवा रबर बुश दबून निकामी होतो. सायलेन्सरचे बोल्ट, लेगगार्ड, नंबर प्लेट, कॅरिअर हेही बघावेत. कित्येकदा 'इंजिनाचा आवाज' म्हणून आलेली तक्रार लेगगार्डच्या एका क्लॅम्पवर मिटते.

टॅपेटचं अंतर चुकलेलं, प्लग काळा पडलेला, एअर फिल्टर चोंदलेला किंवा कार्ब्युरेटर बिघडलेला असेल तर इंजिन मिस मारतं आणि थरथर वाढते. हे सगळं ठीक असूनही आतून खडखड आणि थरथर येत असेल, तर क्रँक बेअरिंग तपासायला हवं. ते काम मोठं आहे, म्हणून आधी बाकी सगळं बघून घ्यावं.

हँडलवर काय चालतं, काय नाही?

प्रत्येक हँडलची स्वतःची एक थरथरण्याची गती असते, घंटेला असते तशी. इंजिनाची गती तिच्याशी जुळली की त्या ठरावीक वेगात मुठी झिणझिणतात. टोकांना वजनं लावली की ही गती खाली सरकते. म्हणजे ७० ला येणारी झिणझिण ५५ ला येईल आणि ७० ला कमी होईल. हायवे हाच रोजचा रस्ता असेल तर फायदा, गावातच फिरायचं असेल तर उलटं होऊ शकतं.

मऊ, जाड ग्रिपने बारीक झिणझिण कमी होते. पण फार जाड ग्रिप लहान हाताला घट्ट धरावी लागते आणि हात आणखी आखडतो. हँडल सैल वाटत असेल किंवा मध्यावर अडकत असेल, तर ग्रिप नको, कोनसेट बघा. गाडीच्या मूळ रचनेत मोठे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत. राज्याची सीमा ओलांडून रोज जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

एक दात वाढवावा का?

पुढचं स्प्रॉकेट १४ दातांचं असेल आणि १५ चं बसवलं, तर त्याच वेगाला इंजिनाचे फेरे ६००० वरून ५६०० होतात. झटका साधारण १३ टक्के कमी होतो. पण गाडीची ओढही मरते. डबल सीट, मागे पोतं आणि समोर निर्मलचा घाट असेल तर खालच्या गिअरवर यावं लागेल, आणि फेरे पुन्हा वाढतील. एकट्याने सपाट हायवे धरणाऱ्यालाच हे परवडतं, तेही अनुभवी मिस्त्रीला विचारून.

गाडी कशी चालवावी?

चौपदरी महामार्गावर दुचाकीची केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. १०० सीसीच्या गाडीचा सुखाचा वेग त्याच्याही खाली, ५५ ते ६५ च्या दरम्यान असतो. ७५ ऐवजी ६२-६३ ने गेलं तर ८० किलोमीटरच्या आदिलाबाद-निर्मल प्रवासात १२-१३ मिनिटं जास्त लागतात, आणि झटका जवळपास ३० टक्के कमी होतो. एवढा फरक कुठल्याही विकत आणलेल्या वस्तूने पडत नाही.

हँडल पिळून धरू नये. कोपर किंचित वाकलेला, मूठ सैल. दर तासाला उतरून हात झटकावेत. मोबाइल हँडलला लावून नकाशा बघणाऱ्यांसाठी एक गोष्ट : मोटारसायकलच्या जोरदार थरथरीने कॅमेऱ्याची यंत्रणा खराब होऊ शकते, असं ॲपलने २०२१ मध्ये आयफोनबद्दल सांगितलं. फोन खिशात ठेवून कानाने रस्ता ऐकणं बरं.

हिवाळ्यात हात सांभाळा

हातांना सतत थरथर लागली की बोटांच्या रक्तवाहिन्या आणि नसा यांना इजा होते. बोटं पांढरी पडतात, मुंग्या येतात, बटण लावतानाही बोटं साथ देत नाहीत. यंत्रांवर काम करणाऱ्यांत हा आजार जुना आहे. जपानमध्ये मोटारसायकलवरून टपाल वाटणाऱ्यांतही तो आढळला होता. युरोपात कामगाराच्या हाताला आठ तासांत किती थरथर लागू द्यायची, याची मर्यादा २००२ च्या निर्देशाने घालून दिली आहे. थंडीत हा त्रास वाढतो. आदिलाबाद तेलंगणातल्या सगळ्यात थंड जिल्ह्यांपैकी एक. डिसेंबर-जानेवारीत पहाटे निघताना हातमोजे हवेतच. गाडीवरून उतरल्यावर अर्ध्या तासात बधिरपणा गेला नाही, किंवा रात्री झोपेतही मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना दाखवावं. शुगर असलेल्यांनी तर उशीर करूच नये.

या वेळी लगेच थांबा

- थरथर अचानक सुरू झाली किंवा एकदम वाढली
- हँडल डाव्या-उजव्या बाजूला हलायला लागलं
- मागचा भाग डुलतोय असं वाटलं
- चेनकडून कटकट आवाज आला

अशा वेळी जोरात ब्रेक मारू नये. ॲक्सिलेटर हळू सोडून गाडी पूर्ण डाव्या कडेला, पांढऱ्या पट्टीच्या बाहेर घ्यावी आणि ट्रकच्या वाटेतून दूर उभं राहावं. टायरची हवा, चाकाचे नट, स्पोक आणि चेन या क्रमाने बघावं. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि आपत्कालात ११२ हा नंबर दोन्ही राज्यांत चालतो.

खर्चाच्या क्रमाने काय करावं?

१. वेग दहा-बारा किलोमीटरने कमी (खर्च नाही, पेट्रोलही वाचतं)
२. थंड टायरची हवा, चेनला वंगण आणि ढील
३. सगळे बोल्ट, लेगगार्ड, सायलेन्सर तपासणी
४. प्लग, एअर फिल्टर, टॅपेट
५. ड्रम रबर, चिमट्याचे बुश, कोनसेट
६. चाकाचा आउट काढणं, बॅलन्सिंग, गरज असेल तर टायर
७. चेनसेट
८. ग्रिप आणि हँडलची वजनं
९. शेवटी इंजिन उघडणं

बहुतेक गाड्यांची थरथर पहिल्या पाच पायऱ्यांतच बरीच कमी होते. एकेक पायरी करून मधे गाडी चालवून बघावी. सगळं एकदम केलं तर दोष नेमका कशात होता ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.