किल्ली कायम ठेवून कुलूपबदल

किल्ली कायम ठेवून कुलूपबदल : दाराचे झिजलेले, बिघडलेले किंवा कमकुवत कुलूप काढून नवे बसवायचे, पण घरातल्या सर्वांकडची जुनी किल्ली चालू ठेवायची, अशी प्रक्रिया. हे जमेल की नाही, ते कुलपाच्या आतल्या रचनेवर ठरते.

रचना : आजच्या बहुतेक लॅचमध्ये पिनांचा सिलिंडर असतो. पिनांच्या लाकडी कुलपांचा वापर प्राचीन इजिप्तमध्ये होता. चपट्या दातेरी किल्लीचे आधुनिक रूप अमेरिकेतील लायनस येल (धाकटे) यांनी १८६० च्या दशकात पेटंट घेऊन रूढ केले. सिलिंडरच्या स्थिर कवचात एक फिरता गाभा असतो. कवच व गाभा यांतून जाणाऱ्या प्रत्येक भोकात खाली किल्लीला टेकणारी पिन, तिच्यावर दुसरी पिन आणि स्प्रिंग असते. योग्य किल्लीने सर्व जोड्यांमधले सांधे गाभ्याच्या कडेशी एका रेषेत येतात आणि गाभा फिरतो. म्हणजे किल्लीची ओळख खालच्या पिनांच्या लांबीत साठवलेली असते. ती ओळख नव्या कुलपात नेली की जुनी किल्ली चालते.

पद्धती : (१) जुना सिलिंडर नव्या कुलपात बसवणे. सिलिंडर शाबूत असून बाकीची यंत्रणा बिघडली असेल, तर हा सर्वांत सोपा मार्ग. युरोपीय घाटाच्या सिलिंडरसाठी दाराच्या कडेवरच्या पट्टीतला लांब स्क्रू काढतात. किल्ली थोडी फिरवून मधली जीभ सिलिंडरच्या अंगाशी समतल केली की तो बाहेर येतो. स्क्रूच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंतची मापे वेगवेगळी घ्यावीत; सिलिंडर बाहेरून फार पुढे आला तर तो पकडून तोडणे सोपे होते.

(२) नव्या सिलिंडरच्या पिना बदलणे. नवी किल्ली घालून गाभा किंचित फिरवतात आणि त्याच जाडीच्या दांड्याने मागून ढकलून काढतात. दांडा गाभ्याला सतत चिकटून राहिला, तरच वरच्या पिना व स्प्रिंगा जागेवर राहतात. मग खालच्या पिना काढून, जुनी किल्ली घालून, गाभ्याच्या पृष्ठभागाशी नेमक्या समतल येणाऱ्या पिना भरतात. श्लेज या कुलूप बनवणाऱ्या कंपनीच्या प्रचलित किल्लीत खाचेच्या दोन पायऱ्यांतील अंतर ०.०१५ इंच, म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटर असते. त्यामुळे पिना अंदाजाने कानशीने घासणे घातक. कुलूप अडकते किंवा भलत्या किल्लीनेही उघडू लागते.

(३) जुन्या किल्लीच्या क्रमांकावरून तसाच सिलिंडर निर्मात्याकडून मागवणे. अनेक दारांना एक किल्ली हवी असल्यास हाच मार्ग बरा.

दुसऱ्या व तिसऱ्या पद्धतीत एक अट आहे : किल्लीच्या अंगावरच्या लांबट खोबणी नव्या सिलिंडरच्या किल्लीच्या छिद्राशी जुळल्या पाहिजेत. त्या न जुळल्यास किल्ली आतच शिरत नाही आणि पिना बदलूनही उपयोग होत नाही. म्हणून दुकानात जाताना किल्लीच सोबत न्यावी.

लिव्हरची कुलपे : इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरन यांनी १७७८ मध्ये पेटंट घेतलेल्या तत्त्वावर ही कुलपे चालतात. किल्लीचे दाते चपट्या पट्ट्या (लिव्हर) ठरावीक उंचीवर उचलतात. पट्ट्या कुलपाच्या पेटीतच असल्याने सुटा सिलिंडर काढून नेता येत नाही. त्याच नमुन्याच्या नव्या पेटीत जुन्या पट्ट्या घालता येतात, पण त्यांची झीजही सोबत येते.

दक्षता : किल्ली हरवली, चोरीला गेली किंवा आधीच्या भाडेकरूकडे तिची प्रत राहिली असेल, तर ती कायम ठेवू नये; कुलूप नवे असले तरी ती किल्ली ज्याच्या हाती असेल त्याला दार उघडेच राहते. झिजलेल्या किल्लीवरून पिना जुळवल्यास पुढच्या प्रती अडखळतात, म्हणून क्रमांकावरून नवी किल्ली कापून घ्यावी. पिना भरल्यावर दार उघडे ठेवून, बोल्ट बाहेर काढून प्रत्येक किल्ली अनेकदा फिरवून पाहावी; चूक असेल तर ती दार बंद होण्यापूर्वी कळणेच हिताचे. मूळ किल्ली व क्रमांकाचे कार्ड रोजच्या वापरात न आणता सुरक्षित ठेवावे, कारण पुढची अचूक प्रत त्यांच्यावरूनच निघते.