मिरगी आणि मेंदूचा लगाम

संस्कृत वैद्यकांत ज्याला अपस्मार म्हणतात, तीच आमच्या भंडाऱ्याकडील मिरगी. चरकसंहितेनें तिचे चार प्रकार सांगितले. पण घरोघर कांदा वा जोडा हुंगविणें आणि उपवर मुलीचा रोग लपविणें, हेंच चालत आलें. कायद्यानेंहि ही भीति वाढविली. १९७६ च्या दुरुस्तीनें हिंदु विवाह कायद्यांत मिरगीचे वारंवार येणारे झटके वेडाच्या पंक्तीस बसविले गेले. तो शब्द १९९९ सालीं निघाला.

शास्त्राची वाट मात्र निराळी होती. १८७३ मध्यें लंडनच्या ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनीं झटका म्हणजे मेंदूंतील शक्तीचा अकस्मात् उद्रेक, असें मांडलें. १९५० मध्यें मेंदूंत ‘गाबा’ हें द्रव्य सांपडलें. मज्जापेशींना आवरणारा जणुं लगामच! लगाम ढिला पडला कीं मिरगी, असें पुष्कळांस वाटलें. २००६ मध्यें जन्मजात दोष असलेल्या उंदरांत आवरणाऱ्या पेशीच दुबळ्या आढळल्या, तेव्हां या मतास बळकटी आली. परंतु स्ट्रासबर्ग येथें वाढविलेल्या एका जातीचे मोठे उंदीर पिढीजात क्षणभर स्तब्ध होत. २००९ मध्यें त्यांच्या मेंदूच्या गाभ्यांतील थॅलॅमस या भागांत लगाम उलट अति आवळलेला दिसला. कारण पाझरलेला गाबा नीट परत शोषला जात नव्हता. गाबा वाढविणारीं कांहीं औषधें अशा स्तब्धतेच्या झटक्यांत अपाय करतात, त्याचा उलगडा येथें होतो.

तात्पर्य, मिरगी पाप नव्हे, बाधा नव्हे, आणि सर्वत्र आनुवंशिकहि नव्हे. प्रकार ओळखल्यावांचून योग्य औषध नाहीं; आणि रोगच लपविला, तर प्रकार ओळखणार कोण?