मुंगूस : एका मराठी शब्दाचा परदेशप्रवास

इंग्रजीने आपल्याकडून उचललेल्या शब्दांची यादी आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी मुलांना ऐकवली असेल. बंगला, शॅम्पू, पजामा, जंगल, लूट. हे बहुतेक शब्द हिंदीच्या किंवा फारसीच्या खात्यावर जमा होतात. मराठीच्या खात्यावर इंग्रजी शब्दकोशकार जे मोजके शब्द मांडतात, त्यांत 'मंगूस' हा एक. म्हणजे आपले मुंगूस! शेताच्या बांधात किंवा कुंपणाखाली बीळ करून राहणारा आणि दिसला तर दिवस चांगला जाईल असे आपल्याकडे मानले जाणारा प्राणी. त्याच्या नावाने आज इंग्रजीत सायकली विकल्या जातात, आणि एका सरकारी कटालाही त्याचेच नाव होते. हा प्रवास पाहण्यासारखा आहे.

आधी आपला हक्क तपासून घेऊ. संस्कृतात हा प्राणी 'नकुल'. त्यावरून हिंदीत नेवला, गुजरातीत नोळियो. मराठीत मात्र नकुल राहिला तो पांडवाच्या नावात आणि 'अहिनकुल वैर' अशा ग्रांथिक समासात. बोलताना आपण मुंगूस म्हणतो, आणि कानडीत 'मुंगुसी' व तेलुगूत 'मुंगिस' म्हणतात. शब्दाचे मूळ द्राविडी असावे असे भाषापंडितांचे मत आहे. तेव्हा आपणही तो शेजाऱ्याकडूनच घेतलेला दिसतो. पण युरोपीय व्यापारी उतरले ते सुरत, मुंबई, गोवा या किनाऱ्यावर, आणि त्यांच्या कानावर पडला तो मराठी-कोकणी उच्चार. जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७३ च्या सुमारास मुंबईत आला. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची हकीकत ज्या इंग्रजी पुस्तकांत वाचायला मिळते त्यांतले एक याचे. मोगल सुभेदाराच्या घरच्या रुग्णाला तपासायला तो जुन्नरपर्यंत जाऊन आला होता. त्याचे प्रवासवर्णन लंडनला १६९८ साली छापले गेले, आणि इंग्रजीतला हा शब्द प्रथम दिसतो तो त्यात. फ्रेंचांनी त्याचे 'मांगूस्त' केले, स्पॅनिशांनी 'मांगोस्ता', रशियनांनी 'मांगूस्त'. एवढ्या भाषांत शिरलेला दुसरा मराठी शब्द मला तरी आठवत नाही.

शब्द गेला, पण सोबत प्राणी गेला नाही, आणि तिथून घोटाळे सुरू झाले. अठराव्या शतकात जॉर्ज एडवर्ड्स या इंग्रज चित्रकाराने मादागास्करच्या एका लेमूरचे चित्र 'मंगूझ' म्हणून छापले. झाडावर राहणारा, फळे खाणारा तो प्राणी. आपल्या मुंगसाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण लिनियसने तेच नाव उचलून १७६६ साली त्याला 'लेमूर मोंगोझ' करून टाकले, आणि शास्त्रात ते आजही चालू आहे. गंमत अशी की आपल्या खऱ्या करड्या मुंगसाला पुढे शास्त्रज्ञांनी नाव दिले ते याच एडवर्ड्सचे! सापाशी लढून आल्यावर मुंगूस एक मुळी उकरून खाते आणि विष उतरवते, ही आपल्या आजोबांनी सांगितलेली गोष्टही युरोपात पोहोचली. त्या मुळीच्या झाडाला लिनियसने 'ऑफिओरायझा मुंगोस' म्हटले. मुंगूस वाचते ते चपळाईमुळे आणि विषाला बऱ्याच प्रमाणात दाद न देणाऱ्या शरीररचनेमुळे, हे आज ठाऊक आहे. नाव मात्र झाडाला कायमचे चिकटले. आणखी एक 'मुंगो' आहे तो आपल्या मुगावरून आलेला, पण शास्त्रीय भाषेत 'विग्ना मुंगो' म्हणजे मूग नव्हे, उडीद! इडलीचे पीठ भिजवताना हे आठवून पाहावे.

हा झाला शब्दाचा प्रवास. प्राण्याचा प्रवास घडवला साखरेने. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी १८३० च्या दशकात संपली आणि उसाच्या मळ्यांना मजूर मिळेनात. मग हिंदुस्थानातून करारावर माणसे नेण्यात आली : मॉरिशसला १८३४ पासून, जमेकाला १८४५ पासून. मळ्यांत दुसरी डोकेदुखी उंदरांची होती. जमेकातला एक मळेवाला, विल्यम बॅंक्रॉफ्ट एस्प्यूट, याने १८७२ साली कलकत्त्याहून नऊ मुंगसे मागवली, चार नर आणि पाच माद्या. मजुरांच्या बोटी सुटत ते बंदरही कलकत्ताच. ही आपली करडी मुंगसे नव्हेत, उत्तर हिंदुस्थानातली लहान जात. बंगालीत त्यांना 'बेजी' म्हणतात. म्हणजे जनावर बंगाली, नाव मराठी, साहेब इंग्रज, आणि काम जमेकात!

सुरुवातीला मळेवाले खूश होते. उंदीर खरोखर कमी झाले, आणि एस्प्यूटने लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे अभिमानाने तसे मांडले. शेजारच्या बेटांनी मुंगसे मागवून घेतली. १८८३ साली ७२ मुंगसे जमेकाहून थेट हवाईला गेली. उंदीर रात्री फिरतो आणि मुंगूस दिवसा, म्हणून दोघांची गाठच पडली नाही, असे हवाईतले टूर गाईड सांगतात. हे अर्धेच खरे. गाठ पडत होती. पण जमिनीवर घरटे करणारे पक्षी, सरडे, कासवांची अंडी आणि कोंबड्या इतक्या सहज मिळत असताना उंदरामागे कोण धावेल? साप-मुंगसाचे वैर प्रसिद्ध आहे, पण पोट भरायला वैर लागत नाही. १८९० पर्यंत जमेकाचे सरकारच या प्राण्याची चौकशी करत होते. पुढे क्यूबा, पोर्तो रिको, ग्रेनाडा या बेटांवर मुंगसांत रेबीजही पसरला. हवाईत नेने हंसाची घरटी आजही त्यांच्यापासून राखावी लागतात. कवाई बेटावर मात्र मुंगसे वसली नाहीत. धक्क्यावरच्या कामगाराला एक मुंगूस चावले आणि त्याने पेटारा समुद्रात फेकला अशी तिथली दंतकथा आहे.

जी माणसे नेली ती उपयोगाची म्हणून, आणि मुंगूसही उपयोगाचे म्हणूनच नेले. पुढे दोघांकडेही 'हे इथे कशाला आले?' या नजरेने पाहिले गेले. माणसाची आणि जनावराची तुलना ताणू नये हे मला मान्य आहे. पक्ष्यांचे नुकसान खरे आहे आणि ते मोजलेले आहे. पण नऊ मुंगसांनी तिकीट काढले नव्हते, हेही तितकेच खरे.

मॉरिशसची गोष्ट आपल्याला जास्त जवळची. तिथे मराठी मजूर मुंबई बंदरातून गेले, बरेचसे कोकणातले. १८९९ साली तिथे प्लेग आला, आणि उंदीर मारायला १९०० च्या सुमारास मुंगसे आणली गेली. या वेळेपर्यंत मराठी घरांच्या दोन-तीन पिढ्या बेटावर झाल्या होत्या. उसाच्या शेतातून पळणारे ते जनावर त्यांनी ओळखले असेलच. पण मुकादमाच्या तोंडून त्यांना ऐकू आले असेल ते 'मांगूस्त'. आपलाच शब्द, फ्रेंच कपडे घालून परत भेटलेला!

अमेरिकेने मात्र दार बंद ठेवले. १९०० च्या लेसी कायद्यात ज्या परक्या प्राण्यांना नाव घेऊन बंदी झाली त्यांत मुंगूस आहे. तरीही शब्दाला कोण अडवणार? मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने १८९४ च्या 'जंगल बुक'मध्ये रिक्की-टिक्की-टावी आणला. १९७५ साली त्यावर टेलिव्हिजनचे कार्टून निघाले, आणि इथे वाढलेल्या मुलांना मुंगूस ठाऊक असते ते बहुधा त्यातूनच. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या एका कंपनीने बीएमएक्स सायकलींना मंगूस नाव दिले. पुढे आखूड पात्याची आणि लांब मुठीची एक क्रिकेट बॅटही त्याच नावाने निघाली. २०१० च्या आयपीएलमध्ये मॅथ्यू हेडन ती घेऊन चेन्नईकडून खेळला. सगळीकडे नावाचा अर्थ एकच : लहान, चपळ, झडप घालणारा. अनेकवचन करताना मुले 'मंगीज' म्हणतात. शब्दाच्या शेवटी ऐकू येणारा 'गूस' हा हंस नव्हे, हे त्यांना सांगायला आपल्याइतके योग्य कोणी नाही. 'मंगूसेस' म्हणावे.

सर्वांत विचित्र अर्थ सरकारी. फिडेल कॅस्ट्रोची राजवट उलथवण्यासाठी नोव्हेंबर १९६१ मध्ये केनेडी सरकारने एक गुप्त मोहीम मंजूर केली. तिचे नाव 'ऑपरेशन मंगूस'. क्यूबाच्या उसात खरी मुंगसे तेव्हा अनेक दशके बिळे करून राहत होती, हा योगायोग वॉशिंग्टनमध्ये कुणाला सुचला होता की नाही कोण जाणे. ऑक्टोबर १९६२ च्या क्षेपणास्त्र पेचप्रसंगानंतर ती मोहीम गुंडाळली गेली.

त्याच वर्षाच्या अखेरीस मिनेसोटातल्या डुलूथ बंदरात एका व्यापारी जहाजावरून खरेच एक भारतीय मुंगूस उतरले. खलाशाने त्याला पाळले होते, आणि ते त्याच्याबरोबर चहा पीत असे. त्याने ते तिथल्या प्राणिसंग्रहालयाला दिले, आणि त्याचे नाव मिस्टर मॅगू पडले. लेसी कायद्याप्रमाणे सरकारचा हुकूम आला : मारून टाका. गावकऱ्यांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि प्रकरण वॉशिंग्टनपर्यंत गेले. शेवटी गृहखात्याचे सचिव स्ट्युअर्ट उडाल यांनी प्राणिसंग्रहालयांना असलेल्या सवलतीचा आधार घेऊन त्याला अमेरिकेत आश्रय दिला. तो ब्रह्मचारी असल्याने प्रजा वाढण्याची भीती नाही, हाही मुद्दा त्यांनी नोंदवला. मॅगू १९६८ पर्यंत डुलूथमध्ये राहिला. मिनेसोटाच्या सहा हिवाळ्यांत त्याचे बीळ उबदार ठेवायची जबाबदारी प्राणिसंग्रहालयाची होती.