उंदीर पडले, तेव्हा आपण कुठे पाहत होतो?

‘पीएचडी कशावर करतोस?’ असं कुणी विचारलं की मी सांगतो, मुंबई इलाख्यातल्या प्लेगवर. पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘म्हणजे रँड आणि चापेकर?’ हो, ते आहेतच. पण माझ्या कागदपत्रांत आणखी एक पात्र सारखं डोकावतं. छपरात आणि धान्याच्या पोत्यांमागे राहणारा साधा उंदीर. पाळीव नाही, रानातलाही नाही. शहराच्या आडोशाने जगणारा. आज त्याच्याबद्दल.

सप्टेंबर 1896. मुंबई बंदराजवळच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या शेजारी, डॉ. अकासियो व्हिएगस यांना तापाचे आणि गाठींचे रुग्ण दिसले. हा प्लेग आहे, असं निदान त्यांनी केलं. प्लेगचा जिवाणू तेव्हा नुकताच माहीत झाला होता. 1894 मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर येरसँ यांनी तो रुग्णांच्या गाठींत शोधला आणि मेलेल्या उंदरांतही त्यांना तोच सापडला. म्हणजे मुंबईत साथ आली तेव्हा उंदराचा संबंध अगदीच अज्ञात नव्हता.

तरी सरकारचा रोख माणसांवर आणि त्यांच्या घरांवर राहिला. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला. घरोघरी झडत्या, रुग्णाला उचलून इस्पितळात, घरच्यांना छावणीत, भिंतींना चुना, सामानाची जाळपोळ. पुण्यात हे काम सोल्जरांकडे दिलं. ते देवघरात, स्वयंपाकघरात शिरले. त्यातून जो संताप उसळला, त्याचा शेवट 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीत रँडवर झालेल्या गोळीबारात झाला. त्याच साथीत, मार्च 1897 मध्ये, रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

मग उंदराकडून माणसाकडे रोग जातो कसा? 1898 मध्ये कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी एक प्रयोग केला. काचेच्या बरणीत पिसवा असलेला आजारी उंदीर ठेवला आणि जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी. दोघांचा स्पर्श होणं शक्य नव्हतं, पण पिसू जाळीतून जाऊ शकत होती. आजारी उंदीर मेला, काही दिवसांनी दुसराही प्लेगने मेला. पिसवा नसलेल्या उंदराकडून मात्र लागण झाली नाही. उंदीर मेला की त्याचं अंग थंड पडतं, आणि भुकेली पिसू दुसरं ऊबदार अंग शोधते. उंदीर उरले नसतील तर माणसाचं.

इतकं स्वच्छ उत्तर, पण ते मानलं गेलं नाही. सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने पिसवांचा मुद्दा जवळजवळ निकालात काढला. पुढे 1905 पासून परळच्या प्रयोगशाळेत (आजचं हाफकिन) नव्या कमिशनने काम सुरू केलं. प्लेगच्या पिसवा असलेल्या खोपट्यांत त्यांनी गिनीपिग टांगून ठेवले. जमिनीपासून दोन इंचांवर असलेल्यांना लागण झाली, दोन फुटांवरचे वाचले. पिसूची उडी तेवढी उंच जात नाही! दोष हवेचा किंवा ‘घाणेरड्या’ माणसांचा नव्हता, हे इथे पक्कं झालं. पण मधली दहाएक वर्षं गेली होती.

गंमत अशी की गावोगावच्या लोकांचा व्यवहार आधीपासूनच याच्या जवळ जाणारा होता. ‘उंदीर पडले’ की घर सोडायचं आणि माळावर झोपड्या घालून राहायचं. पिसू त्यांना माहीत नव्हती, पण मेलेला उंदीर ही पहिली खूण आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणजे गाव सोडणं उपयोगी होतंच. फक्त स्वतःहून निघणं आणि बंदुकीच्या धाकाने काढलं जाणं, यात फरक होता.

हे जुनं झालं असं वाटत असेल तर 26 जुलै 2005 आठवा. पुरानंतर मुंबईत लेप्टो पसरला. तोही जिवाणूच. तो उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात राहतो आणि लघवीतून साचलेल्या पाण्यात उतरतो. पायाला जखम असलेला माणूस त्या पाण्यातून चालतो, कारण कामावर जायचंच असतं. अशा वेळी प्रश्न माणसाच्या सवयींबद्दल विचारायचा की तुंबलेल्या गटाराबद्दल आणि न उचललेल्या कचऱ्याबद्दल, हे आपणच ठरवतो. 1897 मध्ये जे ठरलं, त्याची किंमत कुणी मोजली, तेच मी सध्या कागदांत शोधतोय.