रविवारचा हक्क

काम आणि विसांवा यांचा तोल राखावा, हा उपदेश सुखवस्तु घरांत सहज पटतो. पण ज्याचा सारा दिवसच दुसऱ्याच्या मालकीचा, त्यानें तोल राखावा कशाचा?

मुंबईच्या गिरण्या आरंभीं सूर्याबरोबर चालत. उन्हाळ्यांत दिवस १३-१४ तासांचा होई. १८८१ च्या कारखाना कायद्यानें संरक्षण दिलें तें फक्त मुलांना. १८८४ सालीं ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मजुरांच्या सभा भरविल्या व ५,५०० सह्यांचा अर्ज केला. रविवारीं सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा, सकाळीं साडेसहा ते सूर्यास्त काम, वेळेवर पगार, जखमी झालेल्यास भरपाई, एवढेंच मागणें. त्यांत पगारवाढीचा शब्दहि नाहीं! मजुरांना हवा होता तो वेळ. रविवार हा साहेबाच्या प्रार्थनेचा दिवस खरा. पण घाटावरून आलेल्या मजुराचा तो खंडोबाचा वार.

अर्ज पडून राहिला. २४ एप्रिल १८९० रोजीं सुमारें १०,००० मजूर जमले; त्या सभेंत दोन स्त्रियाहि बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली.

१८९१ च्या कायद्यानें आठवड्याच्या सुटीवर सरकारी मोहोर उठली; प्रौढ पुरुषाच्या कामाचे तास मात्र मोकळेच राहिले. पुढें गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादाहि गेली. कापडगिरण्यांत १२ तासांची मर्यादा घातली ती १९११ च्या कायद्यानें. लोखंडे १८९७ सालींच वारले होते.