नोकरी एका शहरात, घर दुसऱ्या शहरात : गृहकर्जाचे गणित

मुंबईत किंवा पुण्यात काही वर्षे नोकरी केल्यानंतर नाशिक, नागपूर, कोल्हापूर वा रत्नागिरी येथे कायमचे स्थायिक होण्याचा विचार अनेक कुटुंबांत सुरू होतो. आईवडिलांचे वाढते वय, मुलांचे शिक्षण, महानगरातील घरांच्या किमती, बदली अशी त्यामागची कारणे निरनिराळी असतात. घर पसंत पडते, किंमत ठरते, विसारही दिला जातो. मग गृहकर्जाचा अर्ज भरताना एक साधा प्रश्न समोर येतो : घर तिकडे आणि नोकरी इकडे, तर हप्ता कोणत्या पगारातून भरणार?

गृहकर्जाला घर तारण असले, तरी बँक कर्ज देते ते प्रामुख्याने उत्पन्नाच्या सातत्याकडे पाहून. कर्ज आजच्या पगारावर मंजूर होते आणि फेडायचे असते पुढच्या १५-२० वर्षांच्या पगारातून. त्यामुळे स्थलांतर करणाऱ्याने आधी नोकरीचा प्रश्न सोडवावा आणि मग घराचा व्यवहार करावा. हा क्रम उलटा झाला, तर विसाराची रक्कम अडकण्याची वेळ येते.

नोकरीचे चार प्रकार

नोकरी एकाच संस्थेत राहून केवळ बदली होत असेल, तर अडचण सर्वात कमी. बदलीचा आदेश, नव्या ठिकाणच्या पगाराचा तपशील आणि नेहमीची कागदपत्रे बँकेला पुरेशी वाटतात. ही कागदपत्रे म्हणजे साधारणत: मागील तीन महिन्यांच्या पगारपावत्या, दोन वर्षांचे फॉर्म १६ आणि सहा महिन्यांचे बँक खात्याचे उतारे. मात्र बदलीने पगार बदलू शकतो, हे लक्षात घ्यावे. सरकारी नोकरीत घरभाडे भत्ता शहराच्या वर्गवारीप्रमाणे मिळतो. केंद्र सरकारच्या वर्गवारीत मुंबई व पुणे पहिल्या वर्गात, तर नाशिक व नागपूर दुसऱ्या वर्गात येतात. भत्ता घटला की हाती पडणारी रक्कमही घटते.

दुसरा प्रकार घरून काम करणाऱ्यांचा. कार्यालय मुंबईत आणि कर्मचारी गावी, ही व्यवस्था २०२० नंतर परिचयाची झाली. परंतु तोंडी परवानगीला बँकेच्या दृष्टीने फारसे मोल नसते. घरून काम कायमस्वरूपी आहे की तात्पुरते, कार्यालयात बोलावल्यास किती दिवस जावे लागेल आणि पगार तोच राहील का, याविषयी कंपनीचे लेखी पत्र घ्यावे. हे पत्र बँकेइतकेच कर्जदाराच्याही उपयोगाचे आहे. उद्या कंपनीने सर्वांना कार्यालयात परत बोलावले, तर एका हाताने हप्ता आणि दुसऱ्या हाताने महानगरातील भाडे भरावे लागेल.

तिसरा प्रकार नोकरी सोडून नव्या गावी दुसरी नोकरी धरणाऱ्यांचा. येथे बँका सावध असतात. राजीनामा दिलेला आणि नोटिशीचा काळ सुरू असलेला अर्जदार, किंवा नव्या नोकरीत परिवीक्षाधीन असलेला अर्जदार, यांना अनेक बँका थांबण्यास सांगतात. केवळ नियुक्तिपत्रावर कर्ज देण्याची तयारी क्वचितच दाखवली जाते. नव्या नोकरीतील काही महिन्यांच्या पगारपावत्या हाती आल्या, नोकरी कायम झाल्याचे पत्र मिळाले आणि क्षेत्र पूर्वीचेच असले, तर मार्ग बराच सोपा होतो.

चौथा प्रकार नोकरी सोडून गावी व्यवसाय सुरू करणाऱ्यांचा, आणि तोच सर्वात कठीण. व्यावसायिकाकडून बँका सामान्यत: दोन ते तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे व हिशेब मागतात. नवा व्यवसाय ती देऊ शकत नाही. अशा वेळी नोकरी चालू असलेल्या पतीला किंवा पत्नीला मुख्य कर्जदार करणे, किंवा दोन-तीन वर्षे भाड्याने राहणे, हे दोनच व्यवहार्य पर्याय उरतात.

मंजुरी आणि वितरण यांमधला काळ

‘कर्ज मंजूर होईपर्यंत थांबायचे आणि मग राजीनामा द्यायचा,’ असा सल्ला ओळखीपाळखीतून हमखास मिळतो. तो धोक्याचा आहे. मंजुरी म्हणजे हाती आलेले पैसे नव्हेत. मंजुरीपत्राची मुदत साधारणत: तीन ते सहा महिन्यांची असते. नोकरीत वा उत्पन्नात महत्त्वाचा बदल झाल्यास तो बँकेला कळवावा, अशी अट त्यात बहुधा असते. धनादेश देण्यापूर्वी बँक नोकरीची पुन्हा खातरजमा करू शकते. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत कर्ज टप्प्याटप्प्याने मिळते. मधल्या काळातील राजीनामा दडवल्याचे उघड झाले, तर उरलेले टप्पे रोखले जाऊ शकतात आणि विकासकाचे हप्ते मात्र चालूच राहतात. खरे सांगितल्यास बँक रक्कम कमी करील, सहकर्जदार मागेल किंवा थांबण्यास सांगेल. ही गैरसोय त्या संकटापेक्षा नक्कीच परवडते.

सध्याच्या संस्थेकडून सवलतीच्या व्याजाने गृहकर्ज घेतलेल्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. बँक कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या अशा कर्जावर राजीनाम्यानंतर सामान्य ग्राहकाचा दर लागू होऊ शकतो.

किती कर्ज झेपेल?

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाख रुपयांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या कमाल ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के रक्कम मिळू शकते. मुद्रांक शुल्क व नोंदणी खर्च सामान्यत: या किमतीत धरला जात नाही.

समजा, घराची किंमत ५० लाख रुपये आहे. कमाल कर्ज ४० लाख, म्हणजे स्वत:चे १० लाख हवेत. महाराष्ट्रात शहरी भागात मुद्रांक शुल्क साधारण ६ ते ७ टक्के, म्हणजे तीन ते साडेतीन लाख रुपये, आणि नोंदणी शुल्क ३० हजार रुपये. सामान हलवणे, शाळाप्रवेश, भाड्याच्या घराची अनामत हे खर्च वेगळे. १४ ते १५ लाख रुपयांची तजवीज नसेल, तर व्यवहाराला हात न घातलेला बरा.

४० लाखांचे कर्ज ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ३४,७०० रुपये येतो. हाती ८० हजार रुपये येत असतील, तर हा हप्ता उत्पन्नाच्या ४३ टक्के होतो. बहुतेक बँका सर्व कर्जांचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास असावेत, असे पाहतात. नव्या गावी पगार ६५ हजारांवर आला, तर तोच हप्ता ५३ टक्क्यांवर जातो. म्हणून बँक आजच्या पगारावर किती देते, एवढ्यावर न थांबता नव्या गावच्या पगारावर किती झेपेल, हे पाहून रक्कम ठरवावी. किमान सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवलेले असावेत.

व्याजदर बदलता असेल, तर तोही वाढू शकतो. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपो दरासारख्या बाह्य मानदंडाशी जोडलेली आहेत. त्यांचा दर तीन महिन्यांतून किमान एकदा नव्याने ठरतो.

दूरच्या घराची कागदपत्रे

घर ज्या शहरात आहे, तेथे बँकेची शाखा आणि तिच्या यादीवरील वकील व मूल्यांकनकार असणे सोयीचे ठरते. नागरी सहकारी बँकांचे कार्यक्षेत्र ठरलेले असते. नोकरीच्या गावातील सहकारी बँक दूरच्या जिल्ह्यातील घरासाठी कर्ज देऊ शकेलच असे नाही.

नव्या इमारतीत घर घेताना प्रकल्पाची महारेराकडील नोंदणी तपासावी. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही. जुन्या घरासाठी पूर्वीची खरेदीखते, इंडेक्स-२, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि संस्थेचे ना-हरकत पत्र मागावे. बँकेचा वकील सहसा ३० वर्षांचा शोध अहवाल तयार करतो.

गावठाणातील घर, गुंठेवारीचा भूखंड किंवा मंजूर नकाशा नसलेले बांधकाम यांवर अनेक बँका कर्ज देत नाहीत. भूखंडाच्या निवासी वापराचा कायदेशीर पुरावा लागतोच. सातबाऱ्यावर शेती असलेली जमीन बिगरशेतकऱ्याला महाराष्ट्रात सहजी विकतही घेता येत नाही. म्हणून विसार देण्यापूर्वीच कागदपत्रे वकिलाला दाखवावीत. ‘कर्ज नामंजूर झाल्यास विसार परत’ ही अट विसार पावतीत किंवा साठेखतात लिहून घ्यावी.

जुने घर आणि प्राप्तिकर

जुने घर विकून नवे घेणाऱ्याने दोन्ही व्यवहारांच्या तारखा जुळवून पाहाव्यात. दोन वर्षांहून अधिक काळ मालकीचे घर विकल्यास होणारा दीर्घकालीन भांडवली नफा नव्या घरात गुंतवून करसवलत मिळवता येते. त्यासाठी विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घर खरेदी करावे, अथवा तीन वर्षांत बांधावे लागते.

नव्या घरात कुटुंब राहते आणि कर्जदार नोकरीच्या गावी भाड्याने राहतो, अशी स्थिती असेल, तर जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सवलत आणि गृहकर्जाच्या व्याजावरील दोन लाख रुपयांपर्यंतची वजावट, अटींची पूर्तता झाल्यास, दोन्ही मिळू शकतात. नव्या करप्रणालीत स्वत: राहत्या घराच्या व्याजाची ही वजावट नाही. प्रणालीची निवड हिशेब करूनच करावी.

व्यवहाराचा क्रम

१. बदली, घरून काम किंवा नवी नोकरी याबाबतचे लेखी पत्र हाती घ्यावे.

२. स्वत:चा पतअहवाल तपासावा आणि लहान कर्जे शक्य तितकी फेडून टाकावीत.

३. नव्या गावी शाखा असलेल्या दोन-तीन बँकांकडे नोकरीतील बदलाची पूर्ण माहिती देऊन विचारणा करावी.

४. कागदपत्रांची तपासणी झाल्यावरच विसार द्यावा.

५. पगाराचे खाते बदलल्यास हप्त्याचा आदेश नव्या खात्यावर वेळेत नोंदवावा. जुन्या खात्यात रक्कम नसल्याने हप्ता चुकला, तरी त्याची नोंद पतअहवालात होते.

६. नोंदणीस स्वत: जाणे शक्य नसल्यास मुखत्यारपत्राचा मसुदा बँकेकडून आधी संमत करून घ्यावा.

गृहकर्ज घेतल्यानंतर पुन्हा गाव बदलावे लागले, तरी फार बिघडत नाही. वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क आकारता येत नाही, त्यामुळे कर्ज दुसऱ्या बँकेकडे नेता येते. १ डिसेंबर २०२३ पासूनच्या नियमानुसार कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत मिळाली पाहिजेत. विलंब बँकेच्या चुकीने झाल्यास दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. कागदपत्रे ज्या शाखेत कर्ज खाते होते तेथून घ्यायची की ती उपलब्ध असलेल्या दुसऱ्या कार्यालयातून, ही निवड कर्जदाराची असते. घर विकता येते, बँक बदलता येते. पण पगाराची खात्री नसताना केलेली सही मागे घेता येत नाही. म्हणून गाव बदलण्याची घाई असली, तरी कर्जाच्या करारावर सही करताना घाई नसावी.